डासांचा हिशेब मांडणारा पलटणीचा डॉक्टर

श्रावण लागला की अर्धापूर परिसरातील केळीच्या बागांत जागोजागी पाणी उभे राहते. आसना नदीच्या पात्रातील खळगी भरतात, ईसापूर धरणाच्या कालव्यालगत पाझराची डबकी साचतात, घराघरांतील हौद आणि रांजण काठोकाठ असतात. पंधरा दिवसांत तिन्हीसांजेला डासांची गुणगुण सुरू होते आणि तिच्यामागोमाग आरोग्य खात्याचे कर्मचारी दारी येतात. पिंपांत विजेरीचा झोत टाकून अळ्या पाहायच्या, कोरडा दिवस पाळायला सांगायचे, डबक्यांत गप्पी मासे सोडायचे, तापाच्या रुग्णाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. या साऱ्या खटाटोपामागचा विचार ज्याने प्रथम शास्त्रशुद्धपणे मांडला, त्या माणसाचा सर्वांत मोठा शोध अर्धापूर ज्या राज्यात होते त्याच राज्यात लागला. १८९७ साली नांदेड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाच्या राजधानीला लागून असलेल्या सिकंदराबादच्या इंग्रजी छावणीत सर्जन-मेजर रोनाल्ड रॉस सूक्ष्मदर्शकावर वाकून बसलेले होते.

हिवताप डासामुळे होतो हे रॉस यांनी सिद्ध केले, एवढे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यांच्या कार्याचा हा पूर्वार्ध. डास किती, कोणत्या ऋतूत, किती दिवस जगणारे, आणि ते किती कमी केले म्हणजे रोग आपोआप विझतो, हा त्याचा उत्तरार्ध. रॉस यांच्या स्वतःच्या लेखी हा उत्तरार्ध पूर्वार्धाहून मोठा होता. जगाने मात्र तो फार उशिरा वाचला.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीतील अल्मोडा येथे झाला. मेरठला उठावाची ठिणगी पडून तेव्हा तीनच दिवस झाले होते. वडील कॅम्पबेल रॉस हिंदी सैन्यातील अधिकारी होते आणि पुढे जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले. आठव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. त्याला चित्रकलेची, काव्याची आणि गणिताची ओढ होती. वडिलांनी मात्र त्याचे नाव लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात घातले. रॉस यांचे मन वैद्यकात कधीच पुरते रमले नाही. परीक्षा कशाबशा पार पाडून ते १८८१ साली हिंदी वैद्यकीय सेवेत दाखल झाले आणि मद्रास इलाख्यात रुजू झाले. पलटणीतील डॉक्टरला काम बेताचे असे. उरलेला वेळ ते कादंबऱ्या आणि कविता लिहिण्यात व गणिताची पुस्तके सोडविण्यात घालवीत. हा गणिताचा छंद पुढे असा कामी येईल, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते.

त्यांच्या साऱ्या आयुष्याचे बीज असलेला एक किरकोळ प्रसंग याच काळातील आहे. १८८३ साली बंगळुरात त्यांना राहायला मिळालेला बंगला डासांनी भरलेला होता. शोध घेता खिडकीबाहेर ठेवलेल्या पिंपातील पाण्यात अळ्या वळवळताना दिसल्या. रॉस यांनी पिंप उपडे केले आणि बंगल्यातील डास लक्षणीय रीतीने कमी झाले. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहाभोवतीची भांडीही अशीच रिती करावीत, असे त्यांनी पलटणीच्या ॲडज्युटंटला सुचविले. त्या गृहस्थाने ती सूचना धुडकावली. डास ईश्वराने निर्माण केले आहेत, तेव्हा ते सोसले पाहिजेत, असा त्याचा एकूण विचार होता. हिवतापाचा आणि डासांचा संबंध रॉस यांच्या गावीही नसण्याचे ते दिवस. तरीही डासांची संख्या आभाळातून पडत नाही, ती जवळच्या साचलेल्या पाण्यावर अवलंबून असते आणि माणसाला कमी करता येते, हे त्यांनी तेव्हाच पाहून ठेवले.

१८८८ साली ते रजेवर इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतली, जंतुशास्त्राचे धडे गिरविले आणि १८८९ साली रोझा ब्लॉक्सम यांच्याशी विवाह केला. परतल्यावर हिवतापाकडे त्यांचे लक्ष वळले, पण फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेरान यांनी १८८० साली अल्जीरियात पाहिलेला हिवतापाचा परोपजीवी त्यांना काही केल्या दिसेना. असे काही अस्तित्वातच नसावे, असे लेखही त्यांनी लिहिले. १८९४ साली पुन्हा रजेवर गेले असता लंडनमध्ये डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली तो परोपजीवी प्रत्यक्ष दाखविला. हत्तीरोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात हे मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना दाखवून दिले होते. हिवतापाचेही तसेच असावे, असा त्यांचा कयास होता. त्या कयासाने रॉस झपाटले गेले. १८९५ च्या वसंतात मुंबई बंदरात उतरल्यावर जकातीतून सामान सुटण्याची वाटही न पाहता ते तडक तेथील रुग्णालयात हिवतापाचे रुग्ण शोधीत गेले, यावरून त्यांच्या उतावीळपणाची कल्पना यावी.

सिकंदराबादेत ते एकोणिसाव्या मद्रास पायदळ पलटणीचे डॉक्टर होते. पुढची दोन वर्षे अपयशाचीच गेली. डास पाळायचे, रुग्णाला चावू द्यायचे, मग चिरून पोटात परोपजीवी शोधायचा, हे काम शेकडो वेळा झाले. हाती काही लागले नाही. याचे एक कारण आज सहज सांगता येते. त्यांना मुबलक मिळणारे करडे आणि पट्ट्यांचे डास क्युलेक्स व एडिस या जातींचे होते आणि माणसाचा हिवताप त्यांच्यात वाढतच नाही. दुसरे कारण खुद्द गुरूचे होते. डास अंडी घालून पाण्यातच मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला हिवताप होतो, असे मॅन्सन मानीत. रॉस यांनी मेलेल्या डासांचे पाणी स्वयंसेवकांना पाजून पाहिले. एकाला थोडा ताप आला, इतरांना काहीच झाले नाही आणि गोंधळ मात्र वाढला. मध्येच बंगळुरात पटकीची साथ आली म्हणून सरकारने त्यांना तिकडे पाठविले. ते काम महत्त्वाचेच होते, पण हिवतापाचा धागा सुटला.

१८९७ च्या उन्हाळ्यात उटीजवळच्या सिगूर घाटात रॉस यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले. त्याच भागात भिंतीवर वेगळ्याच ढबीने बसलेला, पंखांवर ठिपके असलेला एक डास त्यांच्या नजरेस पडला. जात ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी त्याला ठिपकेदार पंखांचा डास असेच म्हटले. जूनमध्ये ते सिकंदराबादला परतले. त्या वर्षी डासांच्या जातींविषयी त्यांना माहिती देईल असा एकही ग्रंथ हाताशी नव्हता. दख्खनमधील ज्या ॲनोफिलिस जातींकडे पुढे हिवतापाचे खापर आले, त्या क्युलिसिफेसीस आणि स्टेफेन्सी या जातींना शास्त्रीय नावेच मुळी १९०१ साली मिळाली.

आणि मग श्रावण आला. दख्खनच्या पठारावर पावसाळ्याचे दोन महिने उलटले की ॲनोफिलिस डासांची पैदास जोरात सुरू होते. स्वच्छ, उथळ, उन्हात चमकणारे पाणी त्यांना लागते. अंड्यापासून उडता डास होण्यास त्या उष्णतेत दहा-बारा दिवस पुरतात, म्हणजे जूनच्या अखेरीस ज्या जागी मोजके डास होते तेथे ऑगस्टच्या मध्याला तिसरी-चौथी पिढी उडू लागते. रॉस यांच्या मदतनिसांनी बाटल्यांतून आणलेल्या अळ्यांमधून ऑगस्टच्या मध्यास निपजलेले डास ठिपकेदार पंखांचे होते. वर्षभर जे शोधून सापडले नाहीत, ते या पंधरवड्यात दाराशी आले. शोधाच्या कथा सांगताना चिकाटीचे गोडवे गायले जातात आणि ते योग्यच आहे. तथापि त्या शोधाची तारीख निसर्गाच्या पंचांगात आधीच लिहिलेली होती, हेही विसरता येत नाही.

१६ ऑगस्टला हे डास हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णावर सोडण्यात आले. डासामागे एक आणा असा त्याचा मोबदला ठरला होता. पुढचे चार दिवस एकेक डास चिरला जात होता किंवा आपोआप मरत होता. बेगमपेठच्या त्या लहानशा रुग्णालयात उकाडा असह्य होता, पण पंखा ओढायला लावावा तर चिरलेले डास उडून जात. कपाळावरचा आणि हातांचा घाम ठिबकून सूक्ष्मदर्शकाचे मळसूत्र गंजले होते, उरलेल्या एकमेव नेत्रभिंगाला तडा गेला होता. शुक्रवार, २० ऑगस्ट १८९७ रोजी दुपारी शेवटच्या दोन डासांपैकी एक चिरला असता त्याच्या जठराच्या भिंतीत त्यांना काळ्या रंगकणांनी भरलेल्या गोल पेशी दिसल्या. रंगकण अगदी हिवतापाच्या परोपजीवीत असतात तसेच होते. दुसऱ्या दिवशी उरलेला डास चिरला, तर त्याच पेशी आणखी मोठ्या झालेल्या. एका दिवसात वाढणारी वस्तू डासाची नव्हे, डासात वाढणाऱ्या दुसऱ्या जीवाची आहे, हे उघड झाले. त्या रात्री रॉस यांनी पत्नीसाठी एक कविता लिहिली. डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्यांचा वृत्तांत छापला. २० ऑगस्ट हा दिवस आज जगभर डास दिन म्हणून पाळला जातो. एक आणा घेऊन दंड पुढे करणाऱ्या हुसेन खानचे पुढे काय झाले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

शोधाला महिना होतो न होतो तोच रॉस यांची बदली झाली. मुंबईमार्गे त्यांना राजपुतान्यातील खेरवाडा येथे पाठविण्यात आले आणि तेथे हिवतापाचे रुग्ण जवळपास नव्हतेच. मोसम हातचा गेला. त्यांनी राजीनाम्याची भाषा केली, मॅन्सन यांनी लंडनमध्ये सूत्रे हलविली, तेव्हा कुठे फेब्रुवारी १८९८ मध्ये कलकत्त्याला संशोधनाचे खास काम मिळाले. तेथेही दैव आडवे आले. प्लेगच्या लशीविषयी शहरात इतकी धास्ती होती की सुई टोचून रक्त देण्यास माणसे तयार होईनात. रॉस यांनी माणसाचा नाद सोडून पक्ष्यांचा हिवताप हाती घेतला आणि यातून उलट भलेच झाले. मोहम्मद बक्ष या मदतनिसासह त्यांनी चिमण्या आणि करड्या डासांवर प्रयोग केले. जुलै १८९८ मध्ये परोपजीवी डासाच्या जठरातून निघून लालापिंडात पोहोचतो, आणि डास निरोगी पक्ष्याला चावताच त्याला हिवताप होतो, हे निर्विवाद सिद्ध झाले. पाणी पिण्याची कल्पना निकालात निघाली, दोषी ठरली ती सोंड. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत ग्रासी, बिग्नामी आणि बास्तियानेली यांनी माणसाच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र ॲनोफिलिस डासात दाखविले. श्रेयावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जो वाद पेटला तो दोघांच्याही हयातीत शमला नाही. १९०२ चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाले. ग्रासी यांच्याविषयी रॉस यांनी वापरलेली भाषा शोभणारी नव्हती, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे लागते.

१८९९ साली रॉस यांनी हिंदी सेवा सोडली आणि लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात ते अध्यापक झाले. येथून त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध सुरू होतो. डासच कारण असतील तर डास कमी करा, असे त्यांचे सरळ म्हणणे होते आणि त्यासाठी ते सिएरा लिओनमधील फ्रीटाउनपासून सुएझ कालव्यावरील इस्माइलियापर्यंत हिंडले. वाळवंटातल्या इस्माइलियात गोड्या पाण्याचा कालवा आला तेव्हापासून हिवताप ठाण मांडून बसला होता. १९०२ साली रॉस यांच्या सल्ल्याने कालवा कंपनीने डबकी बुजविली, हौद झाकले, पाण्यावर तेल शिंपडले. दरवर्षी हजाराहून अधिक लोकांना गाठणारा ताप तीन वर्षांत पन्नासाच्या आत आला. वाळवंटात डासांची पैदास होण्याच्या जागा मोजक्या आणि ओळखता येण्याजोग्या होत्या, हे त्या यशाचे रहस्य होते.

हिंदुस्थानात मात्र उलटे घडले. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत १९०२ च्या सुमारास असाच प्रयोग झाला. छावणी पाटबंधाऱ्याच्या पाण्यावर जगणारी, चोहोबाजूंनी शेतांना पाणी फिरलेले. अळ्या नष्ट करूनही डास आणि ताप म्हणावे तसे हटले नाहीत, आणि ख्रिस्टोफर्स व जेम्स या अधिकाऱ्यांचा निष्कर्ष प्रतिकूल आला. डास-निर्मूलनावर पैसा खर्च करण्याची सरकारची इच्छा त्यामुळे आणखी मंदावली. रॉस खवळले. साफ केलेले क्षेत्र फार लहान होते, आधी व नंतर डास नीट मोजले गेले नव्हते, बाहेरून किती आले याचा हिशेब नव्हता, असा त्यांचा आक्षेप होता. कालव्याकाठच्या गावात राहणाऱ्या कोणालाही या वादाचा अर्थ लगेच कळेल. आपल्या अंगणातले पिंप उपडे करता येते, शेजारच्या शिवारातील चारीचे काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर शिव्याशापांनी मिळणारे नव्हते आणि येथेच रॉस यांच्यातील गणिती पुढे आला. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुई येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी डासांच्या भटकंतीचे गणित मांडले. डास सरळ रेषेत प्रवास करीत नाही, तो इकडेतिकडे दिशाहीन हिंडतो, म्हणून जन्मठिकाणापासून फार दूर जाणारे डास थोडेच असतात. एखादे मोठे वर्तुळ साफ केले तर त्याच्या कडेला बाहेरचे डास येत राहतील, पण मध्यभागी संख्या घटेल, आणि वर्तुळ जितके मोठे तितका मध्य सुरक्षित. हे पूर्णपणे सोडविणे रॉस यांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यांच्या प्रश्नावरून संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसन यांनी १९०६ साली यदृच्छ स्थलांतराचा गणिती सिद्धांत लिहिला. भौतिकीपासून शेअर बाजारापर्यंत पोहोचलेल्या यदृच्छ भ्रमणाच्या गणिताची एक मुळी अशी डासाच्या पंखांशी जाऊन भिडते, ही बाब गणिताच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच सांगितली जाते.

१९०७ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने त्यांना मॉरिशसला पाठविले. उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेल्या हिंदी मजुरांची, त्यांत कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचीही, ती भूमी. १८६६ पासूनच्या दोन-तीन वर्षांत तेथे हिवतापाने हजारोंचे बळी घेतले होते. रॉस यांनी मुलांच्या पोटावर हात ठेवून पानथरी वाढली आहे का हे तपासले आणि त्यावरून मळ्यामळ्यातील रोगाचे प्रमाण काढले. मग अहवालात त्यांनी प्रश्न विचारला, की एका महिन्यात नवे रुग्ण किती होतील? ज्या गोष्टींवर ते अवलंबून आहे त्या त्यांनी एकामागून एक गुणल्या. रुग्णांची संख्या, माणशी डास, त्यांतील चावणारे, त्यांतील परोपजीवी पक्व होईपर्यंत जगणारे, आणि त्यांतील पुन्हा माणसालाच चावणारे.

हा गुणाकार एका काल्पनिक उदाहरणाने उमगतो. समजा, एक रुग्ण बरा होईपर्यंत अठ्ठेचाळीस ॲनोफिलिस डासांनी त्याचे रक्त घेतले. परोपजीवी डासात पक्व होण्यास दहा-बारा दिवस लागतात आणि तोवर एक तृतीयांश डास जगले, म्हणजे सोळा उरले. त्यांतील एक चतुर्थांशांना पुन्हा माणूस भेटला, बाकीचे गोठ्याकडे वळले, तर चार नवे रुग्ण. चाराचे सोळा, सोळाचे चौसष्ट. ही साथ झाली. आता पाऊस ओसरला, डबकी आटली, आणि अठ्ठेचाळीसांऐवजी बाराच डास उरले. एका रुग्णामागे एकच नवा रुग्ण होईल. बाराचे दहा झाले की प्रत्येक पिढीत रुग्ण कमी होत जातील आणि दहा डास गावात गुणगुणत असतानाच रोग मात्र विझत जाईल. रोग घालविण्यासाठी शेवटचा डास मारावा लागत नाही, संख्या एका मर्यादेखाली नेली की पुरते, हा रॉस यांचा सिद्धांत. १९१० च्या हिवताप प्रतिबंधावरील ग्रंथात आणि १९११ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी तो समीकरणांनी सजविला. डॉक्टरांना समीकरणे कळली नाहीत आणि गणितज्ञांनी डासांचे पुस्तक उघडले नाही. पुढे हिल्डा हडसन या गणितज्ञ विदुषीच्या साह्याने त्यांनी साथींचा सर्वसाधारण सिद्धांत लिहिला. सिएरा लिओनच्या मोहिमेत त्यांच्यासोबत गेलेल्या मॅकेंड्रिक यांनी तो धागा पुढे नेला. २०२० साली करोनाच्या काळात एका रुग्णामागे किती नवे रुग्ण, हा आकडा वृत्तपत्रांतून रोज छापून येत होता. त्याचे कूळ शोधीत गेले तर वाट या मॉरिशसच्या अहवालावरून जाते.

रॉस यांच्या हिशेबात एक उणीव राहिली होती. अळ्या नष्ट करण्यावर त्यांचा सारा भर होता. उडणाऱ्या डासाचे आयुष्य हा गुणाकारातील सर्वांत नाजूक आकडा आहे, हे १९५० च्या दशकात जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांनी दाखविले. येथे ऋतूचे महत्त्व पुरते उलगडते. मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी असते, आणि डास परोपजीवी पक्व होण्याआधीच मरतो. जानेवारीच्या थंडीत डास जगतो, पण परोपजीवीची वाढ मंदावते, सोळा-सतरा अंशांखाली ती थांबतेच. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मात्र पाणी, ऊब आणि ओलावा तिन्ही जुळतात. डास अधिक, शिवाय दीर्घायुषी. शरद ऋतू हा तापाचा ऋतू, हे जुने वैद्य जाणत होतेच, त्यामागचे अंकगणित आता समजले. ग्रामीण भागातील क्युलिसिफेसीस डास माणसापेक्षा गुरांकडे अधिक वळतो, म्हणून साथ पेटायला त्याची संख्या फार मोठी व्हावी लागते. एखाद्या वर्षी गाव तापाने फणफणते आणि पुढची दोन वर्षे तुरळक रुग्ण, असे का होते, याचे एक उत्तर यात आहे.

मुंबईत रॉस यांचा विचार विहिरींच्या रूपाने आला. १९११ साली डॉ. बेंटली यांनी शहरातील हिवतापाचे मूळ घराघरांतील विहिरींत आणि टाक्यांत असल्याचा अहवाल दिला. विहिरी झाकण्याचा वा बुजविण्याचा आदेश निघताच पारशी आणि हिंदू कुटुंबांनी धार्मिक कारणांसाठी विरोध केला, कारण विहिरीचे पाणी पूजेला लागे. यातून वाट काढीत पालिकेला वर्षानुवर्षे झगडावे लागले. देशभराचा प्रयत्न स्वातंत्र्यानंतर झाला. वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज असलेल्या देशात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारली गेली, १९५८ पासून निर्मूलनाचे ध्येय ठरले आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. मग हात सैल सुटला. डासांनी डीडीटीला दाद देणे सोडले आणि १९७६ साली रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. मर्यादेखाली गेलेली संख्या पुन्हा मर्यादेवर चढली की काय होते, हे रॉस यांनी साठ-सत्तर वर्षे आधीच कागदावर मांडून ठेवले होते. अलीकडे डेंगीने या हिशेबात नवे पान जोडले आहे. तो पसरविणारा एडिस डास घरातील साठवणीच्या पाण्यात वाढतो. लातूर-नांदेडच्या टंचाईग्रस्त वस्त्यांत नळाला पाणी आठवड्याने येते तेथे पिंपे भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते, आणि मग डासाला पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही.

मानसन्मान रॉस यांना पुष्कळ मिळाले. १९११ साली ते सर झाले. पण मन निवले नाही. आपल्या शोधाने साम्राज्याचा केवढा पैसा वाचला, सरकारने आपल्याला त्याचा मोबदला द्यावा, अशी मागणी ते सातत्याने करीत राहिले आणि ती फेटाळली जात राहिली. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात ल कातोच्या लढाईत त्यांचा थोरला मुलगा पडला. १९२३ साली त्यांनी आत्मवृत्त प्रसिद्ध केले. त्यात शोधाचा आनंद आहे, तितकीच कडवट तक्रारही आहे. १९२६ साली लंडनमधील पुटनी येथे त्यांच्या नावाने संशोधन संस्था आणि रुग्णालय उभे राहिले. जानेवारी १९२७ मध्ये कलकत्त्याच्या रुग्णालयाच्या भिंतीत त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कमानीचे अनावरण झाले, तेव्हा ते स्वतः हजर होते. पुढच्याच वर्षी पैशांच्या अडचणीमुळे त्यांनी आपली सारी कागदपत्रे, मॅन्सन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारासह, विकून टाकली. दोन हजार पौंड देऊन ती लेडी ह्यूस्टन यांनी घेतली.

१९३१ साली रोझाबाई गेल्या. वर्षभराने, १६ सप्टेंबर १९३२ रोजी, आपल्याच नावाच्या संस्थेत सर रोनाल्ड रॉस यांचे निधन झाले. दख्खनमध्ये तेव्हा भाद्रपद चालू होता. पुटनी व्हेलच्या दफनभूमीत पत्नीशेजारी त्यांना पुरण्यात आले.